पाळण्याच्या चालीची दुसरी ओळ

१४ नोव्हेंबर

सौ. वन्संना,

नमस्कार वि. वि. दर वेळी नमस्काराच्या आधी मी 'सप्रेम' लिहिते. आज मुद्दाम गाळलं आहे.

तुमचं पार्सल पोहोचलं. पुस्तक आणि सीडी दोन्ही धड आहेत, वाटेत काही मोडलं नाही. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही आधी रडता आणि मग मला माझं बोलता येत नाही. कागदावर रडलात तर तुमचं तुम्हाला वाळवता येईल.

पुस्तकाच्या वर छापलं आहे, 'नाताळचं वाद्यसंगीत, घरी ऐकण्यासाठी आणि घरी वाजवण्यासाठी'. खाली एका कुटुंबाचं चित्र आहे. सगळ्यांचे दात दिसताहेत, क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचेसुद्धा. तोंडात क्लॅरिनेट धरून दात कसे दाखवायचे हे मला तुमच्या दादांनी कधी सांगितलं नाही.

तुमच्या चिठ्ठीत आहे की दादाची जागा मोकळी दिसणं बरं नाही, म्हणून यंदा तुमचे जावईबापू त्यांच्या खुर्चीवर बसून क्लॅरिनेट वाजवतील. ते बँडमध्ये आहेत, कागदावरचं बघून बिनचूक वाजवतात, तेव्हा आपण तिघांनी महिनाभर सीडी लावून सराव करावा, म्हणजे त्यांच्यासमोर आपलं हसं होणार नाही. वाचून झाल्यावर मी चिठ्ठी घडी करून ठेवली आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडली, की आपण चुकीचं तर वाचलं नाही ना.

माझं उत्तर नाही असं आहे.

हे मार्चमध्ये गेले. तेव्हापासून जो येतो तो त्यांची एकेक जागा भरतो आहे. कारखान्याने त्यांच्या करवतीवर दुसरा माणूस उभा केला, ते ठीक, लाकूड कुणासाठी थांबत नाही. तुम्ही त्यांचा लोकरी कोट नेलात, तेही ठीक, माझ्याकडे कसर लागली असती. पण नाताळच्या संध्याकाळी माझ्या घरात त्यांच्या खुर्चीवर कुणी बसणार नाही. आपण वाजवू. बंद नाही ठेवायचं. तुम्ही तुमचं व्हायोलिन, भाऊजी त्यांचं मँडोलिन आणि मी ॲकॉर्डियन, ज्याचं जे दर वर्षी असतं ते. क्लॅरिनेट नसेल. मुख्य चाल सगळ्यांना पाठ आहे, ज्याला हवी त्याने मनात वाजवावी. गाण्याचे शब्द सगळ्यांना येतात म्हणून आपल्या घरात ते कधी म्हटले नाहीत, नुसती वाद्यं वाजवली, ही त्यांचीच पद्धत. तीच एक पायरी पुढे न्यायची.

भाऊजींना मी विचारलं, ते हो म्हणाले. ते तुम्हालाही हो म्हणाले असतील.

लोभ आहे तेवढा असू द्यावा, वाढवायची घाई नाही.

तुमची वहिनी


२१ नोव्हेंबर

वहिनींस,

नमस्कार. तुम्ही 'सप्रेम' गाळलंत, मी वरचं 'तीर्थरूप' गाळते. फिटंफाट.

मुख्य चालच नसलेलं वाजवणं मी आयुष्यात ऐकलं नाही. शेजारी विचारतील, हे काय चाललं आहे, तर काय सांगायचं? नवरदेव नाही पण वरात काढली आहे? तुम्ही हल्ली लायब्ररीतून जाडजाड पुस्तकं आणून वाचता, त्यातून हे काढलं असणार. साध्या माणसाच्या डोक्यात असलं येत नाही.

आणि 'माझ्या घरात' हे फार ठळक लिहिलंत. दादा तुमचा नवरा होण्याच्या कितीतरी आधी माझा भाऊ होता. त्याने पहिली क्लॅरिनेट आणली तेव्हा घरातले सगळे कानात बोटं घालून बसायचे आणि मी एकटी समोर बसून ऐकायची. तुम्ही आलात तेव्हा तुम्हाला सा की रे तेही कळत नव्हतं. दादाने तुम्हाला शिकवलं, ही त्याची हौस. पण खरं सांगायची वेळ आली आहे म्हणून सांगते, तुमचं ॲकॉर्डियन नेहमी मागे पडतं. तो बोलला नाही. त्याचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

हे मी मनाचं सांगत नाही. मागच्या नाताळचं वाजवणं धाकट्या भाऊने फोनवर रेकॉर्ड केलं होतं, ते मी जावयांना ऐकवलं. ते तुमच्याबद्दल नेहमी आदराने बोलतात. त्यांनी दोनदा ऐकलं आणि विचारलं की बाळ येशूच्या पाळण्याच्या चालीत, दुसऱ्या ओळीत, वरच्या सुरानंतर सगळे एकदम थांबता ते का? पुस्तकात तिथे थांबा नाही. ओळ सलग आहे. मग लक्षात आलं, की ॲकॉर्डियन मागे पडतं म्हणून बाकीच्यांना थांबावं लागतं. आता तीच चूक आमच्या हाताला लागली आहे. सीडी त्यासाठीच पाठवली. रोज लावा, सुधारेल.

जावई येणार. मी त्यांना सांगून बसले आहे.

लोभ ठेवायचा की नाही ते तुमच्यावर सोडते.

तुमची नणंद


२७ नोव्हेंबर

सौ. वन्संना,

नमस्कार. तुमचं पत्र मी लाँड्रीत काउंटरमागे उभ्याने वाचलं. एका शर्टाची कॉलर जळाली. गिऱ्हाइकाला खरं कारण सांगितलं, की नणंदेचं पत्र आलं होतं. तो लग्न झालेला असावा, भरपाई न मागता शर्ट घेऊन गेला.

घरी येऊन तुमची सीडी लावली. तुम्ही म्हणता म्हणून नाही, माझी मला खात्री करायची होती म्हणून. पाळण्याची चाल आली. मी ॲकॉर्डियन घेतलं. दुसरी ओळ वर गेली आणि माझा भाता थांबला. सीडी पुढे गेली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. वाजवणारा माणूस चांगला आहे, त्याची फुप्फुसं उत्तम आहेत, देव त्याची तशीच ठेवो. पण मी त्याच्याबरोबर वाजवू शकत नाही आणि मला वाजवायचंही नाही.

तुम्ही चष्म्याचं दुकान चालवता. गावाला दिसायला लावता. पण तुमच्या डोळ्यांसमोर झालं ते तुम्हाला दिसलं नाही, म्हणून आता सांगावं लागतं आहे.

ह्यांच्या छातीत लाकडाचा भुसा बसायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले की क्लॅरिनेट सोडा. ह्यांनी डॉक्टर सोडला. त्या नाताळला नेहमीसारखे बसलो. पाळण्याच्या चालीची दुसरी ओळ लांब आहे, वर चढते, वरच रेंगाळते, मग सावकाश खाली येते. पूर्वी ते ती एका दमात वाजवायचे. त्या दिवशी वरच्या सुरापर्यंत गेले आणि पुढे हवाच नव्हती. सूर मध्येच तुटला. त्यांनी मान खाली घातली. आपण तिघं थांबलो, कुणी कुणाकडे पाहिलं नाही. त्यांनी श्वास घेतला आणि पुढे निघाले, मग आपणही निघालो. पुढच्या कडव्याला ती जागा आली तेव्हा आपण तिघं आधीच थांबलो. त्यांचा सूर तुटायच्या आत. म्हणजे तुटला असं कुणाला वाटायलाच नको, चालच तशी आहे असं वाटावं.

त्यानंतर दर नाताळला आपण तिथे थांबतो. यावर कधी कुणी एक अक्षर बोललं नाही. तुमचा व्हायोलिनचा गजही हवेत थांबायचा, वन्सं. मी पाहिला आहे. तुम्हाला आठवत नाही, की आठवायचं नाही?

मी मागे पडत नाही. मी थांबते. जावईबापूंना हा फरक समजावून सांगा, आणि आधी स्वतः समजून घ्या.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

तुमची वहिनी


४ डिसेंबर

वहिनींस,

नमस्कार. तुमचं पत्र दुकानात आलं. मी वाचून गल्ल्यात टाकलं आणि दिवसभर नंबर चुकीचे सांगत राहिले.

तुम्ही सांगितलंत ते तसंच झालं असेल. नाही म्हणत नाही. गज थांबत असेल. पुढचा माणूस थांबला की मागचा थांबतोच, रस्त्यावरही थांबतो. त्याचं एवढं देव्हाऱ्यात ठेवण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही.

तुम्ही धरून बसला आहात तो दादाचा आजार आहे. मी पाहिलेला दादा मला पाठीवर घेऊन जिना चढायचा आणि वर पोचल्यावर शीळ वाजवायचा. तो ती ओळ एका दमात वाजवून शेवटच्या सुरावर माझ्याकडे बघून भुवया उडवायचा, की बघ, अजून हवा शिल्लक आहे. पुढे काय झालं ते मलाही माहीत आहे. दवाखान्यात मीही बसले होते. पण तो गेल्यावरसुद्धा दर नाताळला त्याचं धापा टाकणं का वाजवायचं? तुम्ही त्याचं दुखणं वाजवता. मला माझा भाऊ वाजवायचा आहे. जावई ती ओळ सलग वाजवतात, अगदी पूर्वीच्या त्याच्यासारखी. मी ऐकली आणि त्यांना ती पुन्हा वाजवायला लावली. ते ऐकायला मिळावं म्हणून मी हा सगळा खटाटोप केला. आता हसा.

भाऊ माझ्या बाजूने आहे. पुस्तकाप्रमाणे होणार असेल तर मी येते. नसेल तर तुम्ही आणि तुमची थांबायची जागा, दोघी बसा वाजवत.

उत्तराची वाट पाहते. लोभाची पाहत नाही.

तुमची नणंद


९ डिसेंबर

ती. वहिनींस,

शि. सा. न. वि. वि. हेच पत्र ताईलाही पाठवतो आहे, वरचं नाव बदलून. म्हणजे मी एकीला एक आणि दुसरीला दुसरं सांगितलं असं म्हणायला जागा नको.

मी कुणाच्याच बाजूने नाही. नळ दुरुस्त करणारा माणूस आहे, दोन्हीकडून पाणी सुटलं की मी आधी मुख्य चावी शोधतो. तुमच्या दोघींच्या भांडणाची चावी सापडत नाही, म्हणून मधे भिजतो आहे. ताईने सीडी दिली, मी गाडीत लावून ऐकतो. पाळण्याची चाल आली की बोटं स्टिअरिंगवर वाजतात आणि त्या जागी थांबतात. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं होतं. ताईलाही तसंच होतं, पण हे मी सांगितलं म्हणून तिला सांगू नका. अर्थात हे पत्र तिलाही जाणार आहे, म्हणजे झालं.

दादा असता तर म्हणाला असता, आधी वाजवा, मग भांडा. यंदा एकदा सगळे एका खोलीत बसू. पुढच्या वर्षी नसलं बसायचं तर नसलं. माझं एवढं ऐका. माझं घरात कुणी ऐकत नाही, निदान वहिनीने ऐकावं.

मँडोलिनची एक तार बदलली आहे. लोभ असावा, दोघींचाही, एकाच वेळी जमलं तर.

तुमचा दीर


१५ डिसेंबर

सौ. वन्संना,

नमस्कार. भाऊजींचं पत्र तुम्हालाही आलं असेल. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, तुमच्यासाठी नाही.

मी दुखणं वाजवते म्हणालात. मी त्यावर बरेच दिवस विचार केला. तुमचं बरोबर आहे. पण जिना चढून वर शीळ वाजवणारा माणूस तुम्हाला मिळाला, मला त्याचा शेवटचा तुकडा मिळाला. मला मिळालेला माणूस अर्ध्या जिन्यात थांबायचा आणि खिडकीतून काहीतरी बघतो आहे असं दाखवायचा. मीही थांबून बघायची. समोर गोदामाची भिंत होती. आम्ही त्या भिंतीबद्दल काय काय बोललो आहोत, तुम्हाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. रंग उडाला, पाईप गंजला, कबुतराने घर केलं. तेवढ्यात त्यांचा श्वास परत यायचा आणि आम्ही वर जायचो. तुम्ही त्याला धापा टाकणं म्हणता. माझा संसार त्याच्यात झाला. तो पुस्तकात छापलेला नाही म्हणून चूक ठरत नाही.

आता ठरलं ते लिहिते. जावईबापूंना आणा. ते पाहुणे आहेत, त्यांचा काही दोष नाही. त्यांना पुस्तकाप्रमाणे वाजवू द्या. ह्यांच्या खुर्चीवर नाही, दुसरी ठेवीन. सीडी आणायची नाही, मी तुमची तुम्हाला परत देईन. पाळण्याच्या चालीत ते थांबणार नाहीत. मी थांबणार. तुम्हाला पुढे जायचं असेल तर जा. कोण कुणाला ओढतं ते तिथेच कळेल.

दुपारनंतर दार उघडं असेल.

भेटीत लोभ दाखवायची गरज नाही, वेळेवर या म्हणजे पुरे.

तुमची वहिनी


२८ डिसेंबर

वहिनींस,

मी निरोप न घेता निघून आले, त्याबद्दल भाऊने फोनवर मला सुनावलं. म्हणून लिहिते आहे. क्षमा मागत नाही.

जे झालं ते तुम्ही पाहिलंत. पहिल्या दोन चाली बऱ्या गेल्या. मग पाळण्याची. मी महिनाभर सीडीबरोबर हात घासला होता. दुकान बंद करून मागच्या खोलीत उभी राहून वाजवायची. एकदाही थांबले नव्हते, निदान शेवटच्या आठवड्यात तरी. आणि तुमच्या त्या खोलीत दुसरी ओळ वर गेली आणि माझा गज थांबला. भाऊ थांबला. तुम्ही तर थांबणारच होतात. जावई एकटे पुढे गेले, सलग, एका दमात, एकही चूक नाही. मला तेच ऐकायचं होतं ना? बंद दुकानात रेडिओ चालू राहावा तसं ऐकू आलं. त्यांनी ओळ संपवली, क्लॅरिनेट मांडीवर ठेवली आणि म्हणाले की मामी, मी उगाच मधे येतो आहे, तुम्ही तिघं वाजवा. दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. घरचा जावई स्टुलावर! तुम्ही त्यांना उठवलंसुद्धा नाही.

मग तुम्हाला हवं होतं तसं झालं. तिघं, मुख्य चाल नाही. तुम्ही जिंकलात. चाल नसली तरी कळत होती, हे मी कबूल करते, एवढंच करते. पण ती जागा आली. आपण थांबलो, आणि वहिनी, तिथे काही नव्हतं. मागच्या वर्षापर्यंत तिथे काहीतरी होतं. मी कधी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं, पण होतं. आता नुसती भोकाएवढी शांतता. दुसऱ्या कडव्यालाही तीच, तिसऱ्यालाही तीच. सलग वाजवलं असतं तर ती झाकली गेली असती. दादा गेला हे मार्चमध्ये मला लोकांनी सांगितलं होतं. कळलं ते परवा. ते तुम्ही कळवलंत, तुमच्या हट्टाने, माझी इच्छा नसताना. त्याबद्दल मी तुम्हाला माफ करणार नाही.

पुढच्या वर्षी माझी वाट पाहू नका. व्हायोलिन माळ्यावर टाकलं आहे.

तुमची नणंद


४ जानेवारी

सौ. वन्संना,

नमस्कार वि. वि.

जावईबापूंना मी उठवलं नाही कारण ते स्टुलावर बसून डोळे पुसत होते. अशा माणसाला खुर्ची देऊ केली तर त्याला तोंड दाखवावं लागतं. एवढं तुम्हाला कळायला हवं होतं.

माफ करू नका. मी माफी मागितलेली नाही. पण तुम्ही एक गोष्ट चुकीची लिहिली आहे आणि ती मी तशीच जाऊ देणार नाही.

मीही त्या जागेची वाट पाहत होते. सबंध डिसेंबर मी स्वतःला सांगत होते, की तिथे थांबलं की ते असतील. लाँड्रीत इस्त्री फिरवताना, रात्री पुस्तक वाचताना, सारखी तीच एक गोष्ट. पहिल्या कडव्याला थांबले तेव्हा मी डोळे मिटले होते. आणि श्वास आला. नाकातून, लांब, शेवटी जरासा अडकून, ह्यांचाच. मला वाटलं, मी खुळी झाले. म्हणून दुसऱ्या कडव्याला डोळे उघडे ठेवले. भाऊजी तारांकडे बघत होते, तोंड उघडं होतं. ते तोंडानेच श्वास घेतात, घोरतातही तसेच. जावईबापू लांब दाराशी. मग मी तुमच्याकडे पाहिलं. गज वर धरलेला, हनुवटी व्हायोलिनवर, आणि तुमचा उजवा खांदा आधी उचलला गेला, मग डावा, आणि तो श्वास तुम्ही घेतलात. तिसऱ्या कडव्यालाही घेतलात. तुम्हाला ऐकू आला नसणार, स्वतःचा स्वतःला येत नाही.

मला तुमचा इतका राग आला की वाद्य ठेवून तुम्हाला घराबाहेर काढावंसं वाटलं. दहा महिने मी ज्यासाठी कान लावून बसले आहे ते तुम्ही खुशाल छातीत घेऊन फिरता, चष्मे विकता, आणि मला लिहिता की तिथे काही नव्हतं.

नंतर दुसरं लक्षात आलं, ते जास्त कठीण आहे. तसा श्वास तुम्ही त्या संध्याकाळी पहिल्यांदाच घेतलात असं नाही. इतकी वर्षं तुम्ही दोघं त्या जागी एकाच वेळी घेत होतात. दोघांचा मिळून एकच यायचा, म्हणून मी तो सगळा ह्यांचा समजत होते. त्यात अर्धा तुमचा होता. पुढचा माणूस थांबला म्हणून मागचा थांबला, असं तुम्ही लिहिलंत ते खोटं आहे. नुसतं थांबणारा माणूस तसा श्वास घेत नाही. तुम्ही त्यांच्यासाठी घेत होतात.

व्हायोलिन माळ्यावर ठेवू नका, लाकूड तडकेल. पुढच्या नाताळला या. जावईबापूंनी त्यांना हवी ती चाल पुस्तकाप्रमाणे वाजवावी, मी वाजवणार नाही, ऐकेन. धडधाकट असताना तुमचे दादा कसे वाजवायचे ते मलाही पुन्हा नीट ऐकायचं आहे. त्यानंतर पाळण्याची चाल आपण तिघं वाजवू. भाऊजींना पलीकडे बसवीन. तुम्ही माझ्या खुर्चीला खुर्ची लावून बसायचं, आणि ती जागा आली की थांबायचं. भांडण मिटलं असं समजून येऊ नका, ते चालू आहे असं धरूनच या.

पण तिथे काही नव्हतं, असं मला पुन्हा लिहू नका.

लोभाचं तुमचं तुम्ही बघा, श्वासाचं मी बघेन.

तुमची वहिनी